मागच्या चाकांची मोटार आणि बारा महिन्यांचा रस्ता

वाहन कर्जाच्या अर्जासोबत विक्रेत्याचे जे दरपत्रक येते, त्यात मोटारीची किंमत, नोंदणी शुल्क, वाहनकर, विम्याचा हप्ता आणि जोडसाहित्य यांचा हिशेब रकान्यारकान्याने मांडलेला असतो. टायरांचा उल्लेख त्यात नसतो, कारण नवी मोटार टायरांसहितच दारात येते. दोन-तीन वर्षांनंतर मात्र टायर बदलण्याची वेळ येते. त्या सुमारास कर्जाचे हप्ते चालू असतात, मुलांच्या शाळेचे शुल्क भरायचे असते आणि मग 'तूर्त दोनच बदलू, स्वस्तात काय मिळते ते पाहू' असा विचार मनात डोकावतो. साध्या कुटुंबवत्सल मोटारीच्या बाबतीतही हा विचार घातकच. परंतु ज्या मोटारीचे इंजिन शक्तिशाली आहे आणि ती सारी शक्ती केवळ मागच्या दोन चाकांवर जाते, अशा स्पोर्ट्स सेडानच्या बाबतीत तो जिवावर बेतू शकतो.

आपल्या देशात अशा मोटारी घेणाऱ्यांची, विशेषतः वापरलेल्या स्थितीत हौसेने घेणाऱ्या तरुण ग्राहकांची संख्या कमी नाही. इंजिन, रंग आणि आसनांचे चामडे यांची त्यांच्याकडून बारकाईने चौकशी होते. रस्त्याला प्रत्यक्ष स्पर्श करणाऱ्या एकमेव वस्तूची मात्र क्वचितच होते. प्रत्येक टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग कोणत्याही क्षणी जमिनीला टेकलेला असतो. चालकाचे कौशल्य, ब्रेकची ताकद, संगणकाची करामत या सर्वांना अखेर त्या चार तळहातांमार्फतच काम करावे लागते. हे टायर कसे निवडावेत आणि अशा मोटारीसह उन्हाळा, पावसाळा व हिवाळा कसा काढावा, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

मागच्या चाकांची चाल म्हणजे काय?

ज्यांनी ॲम्बॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी चालविली आहे, त्यांना मागच्या चाकांवर चालणारी मोटार नवी नाही. १९८३ साली मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पुढच्या चाकांना शक्ती देणारी रचना घरोघरी पोहोचली. आज बहुतेक लहान व मध्यम मोटारी त्याच रचनेच्या आहेत. मर्सिडीज-बेंझचे उत्पादन पुण्यात १९९५ मध्ये आणि बीएमडब्ल्यूचे चेन्नईजवळ २००७ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून मागच्या चाकांची चाल आलिशान सेडानच्या रूपाने नव्याने रुळली. फरक शक्तीचा आहे. जुन्या दीड लिटरच्या ॲम्बॅसडरची ताकद पन्नास अश्वशक्तीच्या आसपास होती. आजच्या दोन लिटर टर्बो पेट्रोल सेडानमध्ये ती अडीचशेच्याही पुढे जाते. केवळ बोधचिन्हावरून मात्र निष्कर्ष काढू नये. बीएमडब्ल्यूची २ सिरीज ग्रान कूपे आणि मर्सिडीजची ए-क्लास लिमोझिन या पुढच्या चाकांच्या मोटारी आहेत, तर काही प्रकारांत चारही चाकांना शक्ती मिळते. आपली मोटार कोणती, हे माहितीपुस्तिकेत पाहूनच ठरवावे.

मागच्या चाकांच्या रचनेत कामाची वाटणी स्पष्ट असते. पुढची चाके दिशा देतात, मागची चाके ढकलतात. त्यामुळे स्टिअरिंग हलके व अचूक राहते आणि वेग घेताना मोटारीचा भार मागे सरकत असल्याने मागच्या चाकांना पकडही चांगली मिळते. कोरड्या रस्त्यावर ही वाटणी आनंददायक ठरते. ओल्या रस्त्यावर तिची दुसरी बाजू दिसते.

बँकेच्या वाचकांना परिचित असा एक दृष्टांत येथे उपयोगी पडेल. टायरची पकड ही बचत खात्यातील शिलकीसारखी असते. वेग घेणे, ब्रेक लावणे आणि वळणे या तिन्हींसाठी रक्कम त्याच एका खात्यातून काढली जाते. घाटातील वळणावर मागच्या टायरची बहुतेक शिल्लक मोटारीला बाजूला घसरू न देण्यात खर्च होत असते. त्याच वेळी ॲक्सिलरेटर जोरात दाबला की दुसरा मोठा धनादेश त्याच खात्यावर काढला जातो. पाऊस पडला की खात्यातील मूळ शिल्लकच घटते. टायर झिजले असतील तर ती आणखी घटते. या खात्याला अधिकर्षाची सवलत नाही. शिल्लक संपली की मागचे टोक बाहेर फेकले जाते आणि मोटार स्वतःभोवती फिरते. पुढच्या चाकांच्या मोटारीत हीच चूक झाली, तर ती बहुधा वळण न घेता सरळ जाऊ पाहते. वेग कमी केल्यावर बऱ्याचदा सावरते. मागचे टोक सुटलेली मोटार सावरणे सामान्य चालकाला फार अवघड जाते.

घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक स्थैर्यप्रणाली १९९५ पासून मर्सिडीजच्या मोटारींत आली आणि आज या वर्गातील मोटारींत ती असतेच. ती एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून आणि इंजिनची शक्ती कमी करून मोटारीला ताळ्यावर आणते. तथापि, ही प्रणाली असलेली पकड योग्य रीतीने वाटून देते. नसलेली पकड निर्माण करू शकत नाही. पकड देण्याचे काम टायरचेच.

टायरवरील अक्षरे वाचावीत कशी?

टायरच्या बाजूवर त्याची सारी जन्मकुंडली लिहिलेली असते. '२२५/४५ आर १८ ९५ वाय' हे उदाहरण घेऊ. २२५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ४५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के, म्हणजे सुमारे १०१ मि.मी. 'आर' हे रेडियल रचनेचे अक्षर आणि १८ हा रिमचा इंचांतील व्यास. ९५ हा भारांक असून त्याचा अर्थ एका टायरवर जास्तीत जास्त ६९० किलो भार असा होतो. अखेरचे अक्षर वेगमर्यादेचे : 'एच' म्हणजे ताशी २१० कि.मी., 'व्ही' २४०, 'डब्ल्यू' २७० आणि 'वाय' ३००. 'ताशी शंभरच्या वर आपण जातोच कोठे?' असे म्हणून खालच्या दर्जाचे अक्षर घेणे योग्य नाही. अधिक वेगाचा टायर अधिक उष्णता सहन करण्यासाठी घडविलेला असतो आणि आपल्या उन्हाळ्यात हा गुण ताशी ऐंशीलाही कामी येतो. भारांक आणि वेगाचे अक्षर मूळ टायरपेक्षा कमी असू नये.

उत्पादनाची तारीख चार आकडी असते. '२३२४' याचा अर्थ २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात टायर बसविण्यापूर्वी चारही टायरांवरील हा आकडा पाहावा. रबर न वापरताही जुने होते. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी आणि खाचा शिल्लक असल्या तरी दहा वर्षांपुढे टायर वापरू नये, असा प्रमुख उत्पादकांचा सल्ला आहे.

भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारीच्या टायरवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह असणे आवश्यक आहे. याशिवाय अनेक टायरांवर अमेरिकी नियमांनुसार झीज, ओल्या रस्त्यावरील ब्रेकची पकड आणि उष्णता यांचे दर्जे छापलेले असतात. पकडीसाठी 'एए' हा सर्वोच्च दर्जा आणि त्याखाली 'ए', 'बी', 'सी'. झिजेचा आकडा जितका मोठा, तितके आयुष्य अधिक. परंतु हा आकडा उत्पादक स्वतःच्या चाचणीवरून ठरवितो, म्हणून दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या आकड्यांची काटेकोर तुलना करता येत नाही. युरोपातून आलेल्या टायरच्या लेबलावर ओल्या रस्त्यावरील पकडीचा 'ए' ते 'ई' असा दर्जा असतो. मागच्या चाकांच्या मोटारीसाठी निवड करताना सर्वप्रथम ओल्या रस्त्यावरील पकड पाहावी, नंतर उष्णतेचा दर्जा, मग आवाज आणि आराम, आणि आयुष्याचा विचार सर्वांत शेवटी करावा.

काही टायरांवर तारा किंवा 'एमओ' ही अक्षरे दिसतात. त्या त्या मोटार उत्पादकाने आपल्या मोटारीसाठी पारखून घेतलेल्या टायरांची ती खूण होय. तारा बीएमडब्ल्यूचा, 'एमओ' मर्सिडीजचे. अशी खूण असलेला टायर मिळाला तर उत्तम. तो नाहीच मिळाला, तर चारही टायर एकाच कंपनीचे व एकाच नमुन्याचे घेणे हा समाधानकारक पर्याय आहे.

उन्हाळी, सर्वऋतू आणि हिवाळी

टायरच्या रबराचे मिश्रण तापमान पाहून ठरविलेले असते. उन्हाळी टायरचे रबर उष्णतेत टिकून राहते. परंतु सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली ते ताठर होऊ लागते. हिवाळी टायरचे रबर थंडीत मऊ राहते व त्याच्या नक्षीतील बारीक चिरा बर्फ धरून ठेवतात. सर्वऋतू टायर हा या दोहोंमधील समझोता होय. जर्मनीसारख्या देशात मागच्या चाकांच्या सेडानचे मालक दोन संच बाळगतात. बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर लावण्याचे तेथे कायद्याचे बंधन आहे आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून तीन शिखरांचा डोंगर व हिमकण अशी खूण असलेले टायरच त्यासाठी ग्राह्य धरले जातात. 'एम अधिक एस' एवढीच अक्षरे आता तेथे पुरत नाहीत.

मग भारतात काय करावे? मुंबई, पुणे, इंदूर, बडोदे, हैदराबाद, बंगळूर, चेन्नई अशा ठिकाणी राहणाऱ्यांसाठी उत्तर सरळ आहे : ओल्या रस्त्यावर चांगली पकड देणारे उन्हाळी टायर बारा महिने वापरावेत. 'उन्हाळी' या नावाने दिशाभूल होऊ देऊ नये. पावसात हे टायर कमी पडत नाहीत. पाण्याचा निचरा करणाऱ्या खोल, सलग खाचा त्यांत असतातच. दिल्ली किंवा चंदीगड येथे जानेवारीच्या पहाटे पारा ७ अंशांखाली उतरतो, म्हणून पहिले काही किलोमीटर मोटार हळुवार चालवावी, एवढीच दक्षता पुरते. हिवाळी टायर मात्र मैदानी प्रदेशात कोणीही घेऊ नयेत. चाळीस अंशांच्या उन्हात त्यांचे रबर गरजेपेक्षा मऊ पडते, ब्रेकचे अंतर वाढते आणि झीजही झपाट्याने होते.

चार टायर, एक निर्णय

अनेक स्पोर्ट्स सेडानमध्ये मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात. उदाहरणार्थ, पुढे २२५/४५ आर १८ आणि मागे २५५/४० आर १८. दोहोंचा एकूण व्यास जवळजवळ सारखाच, म्हणजे ६६० मि.मी.च्या आसपास येतो. मागे अधिक रुंदी देऊन उत्पादक शक्तीला जागा करून देतो. परंतु याची किंमत मालकाला मोजावी लागते. अशा मोटारीत पुढचे टायर मागे व मागचे पुढे अशी अदलाबदल करता येत नाही. ढकलण्याचे काम करणारे मागचे टायर आधी झिजतात आणि जोडीने बदलावे लागतात. चारही टायर एकाच मापाचे असतील, तर दर आठ-दहा हजार किलोमीटरला अदलाबदल करून झीज समान राखता येते.

दोनच टायर नवे घ्यायचे झाल्यास ते कोठे बसवावेत? मोटार कोणत्याही चाकांवर चालणारी असो, अधिक खोल खाचांचे टायर मागे असावेत, असे टायर उत्पादक सांगतात. मागचे टोक सुटले तर सावरणे कठीण, हे त्याचे कारण वर आलेच आहे. पुढच्या व मागच्या टायरांची मापे निरनिराळी असतील, तर मागच्या जोडीला झिजेच्या अखेरच्या टप्प्यापर्यंत रेटू नये, हाच या नियमाचा अर्थ. मागे एका बाजूला एका कंपनीचा आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्या कंपनीचा टायर असणे हे तर सर्वांत धोक्याचे, कारण ओल्या वळणावर दोन्ही टायरांची शिल्लक निरनिराळ्या क्षणी संपते.

झीज पाहताना केवळ बाहेरची कड पाहून समाधान मानू नये. या मोटारींच्या मागच्या चाकांना किंचित आतल्या बाजूला झुकाव दिलेला असतो, त्यामुळे टायरची आतली कड आधी गुळगुळीत होते. उभ्या माणसाला ती दिसत नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी व्हील अलाइनमेंट करताना मोटार वर उचललेली असतानाच आतली कड स्वतः वाकून पाहावी.

उन्हाळा : हवा आणि उष्णता

तापमान दहा अंशांनी वाढले की टायरमधील दाब सुमारे दीड पौंडाने वाढतो. डिसेंबरच्या पहाटे १० अंशांना ३२ पौंड भरलेली हवा मे महिन्यातील ४३ अंशांच्या दुपारी, मोटार उभी असतानाही, पाच पौंडांच्या आसपास चढलेली असते. धावल्यावर ती आणखी चढते. ही वाढ उत्पादकाने गृहीत धरलेली असते. म्हणून हवा नेहमी टायर थंड असताना, शक्यतो सकाळी घरून निघताना भरावी आणि दाराच्या चौकटीवरील तक्त्याप्रमाणे भरावी. लांबच्या प्रवासात पेट्रोल पंपावर तापलेल्या टायरमधून 'जास्त झालेली' हवा काढून टाकण्याची पद्धत चुकीची आहे. थंड झाल्यावर त्या टायरमध्ये हवा कमी भरते आणि कमी हवेच्या टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात दुमडून अधिकच तापते. टायर फुटण्यामागे बहुधा हेच कारण असते.

नागपूर ते मुंबई हा ७०१ कि.मी.चा समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला होत जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. सरळ काँक्रीटचा रस्ता, विदर्भातले ऊन आणि तासन्‌तास एकसारखा वेग अशा ठिकाणी टायरची खरी परीक्षा होते. तीन माणसे व सामान घेऊन निघताना तक्त्यातील पूर्ण भाराचा दाब पाहावा. तो मागच्या टायरांसाठी बराच अधिक असतो. दर दोन तासांनी थांबावे. विश्रांतीची गरज चालकाला असते, तशी टायरलाही असते.

पावसाळा : खरी कसोटी

पावसाळ्याची तयारी पावसाआधी करावी लागते. सर्वसाधारणपणे मोसमी पाऊस केरळात १ जूनला, मुंबईत ११ जूनला आणि दिल्लीत २७ जूनच्या सुमारास पोहोचतो. चेन्नईत मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. बदलीच्या निमित्ताने चंदीगडहून कोचीला किंवा नागपूरहून चेन्नईला मोटार नेणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांनी हे वेळापत्रक ध्यानात ठेवावे. मोटार आधी पोहोचते, टायर बदलण्याचा विचार नंतर येतो आणि पाऊस कोणाचीच वाट पाहत नाही.

कायद्याने मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मि.मी. असावी लागते. खाचेच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे टायरच्या पृष्ठभागाशी समपातळीत आले की ही मर्यादा गाठली गेली असे समजावे. परंतु कायद्याची मर्यादा आणि सुरक्षिततेची मर्यादा एक नव्हे. नव्या टायरच्या खाचा सुमारे ८ मि.मी. खोल असतात आणि पाणी बाहेर फेकण्याची क्षमता खोलीबरोबर घटत जाते. मागच्या चाकांच्या शक्तिशाली मोटारीत पावसाच्या तोंडावर ३ मि.मी.पेक्षा कमी खाच उरली असेल, तर टायर बदलून टाकावेत. खोली मोजण्याची छोटी पट्टी थोड्या पैशांत मिळते.

टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर शिरून मोटार तरंगू लागते, तेव्हा स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही निरुपयोगी ठरतात. अमेरिकेच्या नासा संस्थेने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरांवर केलेल्या अभ्यासातून असे सूत्र मिळाले की, तरंगण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाशी निगडित असतो. त्या सूत्राने ३२ पौंड दाबाला हा वेग ताशी सुमारे ९४ कि.मी. येतो, तर २४ पौंडांना ८२ कि.मी. मोटारीच्या नक्षीदार टायरला हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण दिशा स्पष्ट आहे. हवा कमी असली की धोका कमी वेगातच सुरू होतो. रुंद टायरांना तर पाणी बाजूला सारण्याचे काम अधिकच असते. म्हणून मागे २५५ मि.मी.चे टायर असलेल्या मोटारीने साचलेल्या पाण्यात वेग आधीच उतरवावा. मोटार तरंगू लागल्यास ॲक्सिलरेटरवरील पाय हळूहळू उचलावा, स्टिअरिंग सरळ धरावे आणि ब्रेकवर आदळू नये.

पहिल्या सरींनंतर रस्त्यावरील तेल व धूळ यांचा चिखलासारखा थर तयार होतो. त्या दिवसांत घाटात विशेष सावध राहावे. वेग वळणापूर्वी, सरळ रस्त्यावरच कमी करावा. वळणात ॲक्सिलरेटर स्थिर ठेवावा आणि मोटार सरळ झाल्यावरच तो वाढवावा. वळणात घाबरून पाय एकदम काढल्यास भार पुढे सरकून मागची चाके हलकी होतात आणि नेमका टाळू पाहिलेला अपघात घडतो. उतारावर गिअर खाली आणताना इंजिनचा रोध फक्त मागच्याच चाकांवर पडतो, म्हणून एकेक गिअर, तोही वळणाच्या आधी, हळुवारपणे बदलावा. पावसात क्रूझ कंट्रोल बंद ठेवावे. स्थैर्यप्रणाली मात्र कधीही बंद करू नये. मागचे टोक सुटू लागल्यास पाय हलकेच उचलून ते ज्या बाजूला जात असेल त्याच बाजूला स्टिअरिंग वळवावे आणि नजर आपल्याला जायचे त्या दिशेला ठेवावी.

हिवाळा आणि डोंगर

३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ कि.मी. लांबीच्या अटल बोगद्याचे उद्घाटन झाले आणि मनालीहून लाहौलमध्ये हिवाळ्यातही जाणे सुकर झाले. त्यामुळे बर्फ पाहण्यासाठी स्वतःची मोटार घेऊन जाणाऱ्यांची संख्या वाढली. उन्हाळी टायर लावलेली मागच्या चाकांची सेडान घेऊन बर्फावर जाऊ नये, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ताठरलेले रबर, इंजिनचा भार पुढे आणि शक्ती मागे, अशा स्थितीत साध्या चढावरही चाके जागीच फिरतात. हिमवृष्टीनंतर प्रशासन बहुधा चारही चाकांना शक्ती असलेली किंवा साखळ्या लावलेली वाहनेच पुढे सोडते. साखळ्या लावायच्याच झाल्या, तर मागच्या चाकांना लावाव्या लागतात; परंतु काही रुंद मापांच्या टायरांवर साखळी लावण्यास उत्पादकाची मनाई असते. आपली मोटार मनालीत ठेवून पुढे स्थानिक वाहन व चालक घेणे, यात कमीपणा मुळीच नाही.

खड्डे, रिम आणि स्टेपनी

आपल्या रस्त्यांवर या मोटारीचा रोजचा शत्रू म्हणजे खड्डा. टायरची भिंत जितकी ठेंगणी, तितका खड्ड्याचा मार थेट रिमवर बसतो. टायरच्या बाजूवर फुगा येतो आणि असा टायर दुरुस्त करता येत नाही. उपाय सोपा आहे. उत्पादकाने मंजूर केलेल्या मापांपैकी लहान रिमचे माप निवडावे. २२५/४५ आर १८ ऐवजी २२५/५० आर १७ घेतल्यास एकूण व्यासात अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरक पडतो. भिंतीची उंची मात्र १०१ वरून ११२ मि.मी. होते. मोटार थोडी कमी दिमाखदार दिसेल, परंतु खड्डे सोसेल आणि टायरही स्वस्त मिळेल. उत्पादकाच्या यादीबाहेरचे माप मात्र घेऊ नये.

यांपैकी अनेक मोटारींत स्टेपनी नसते. हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचे साहित्य असल्यास ट्यूबलेस टायरांच्या मोटारीत स्टेपनी नसली तरी चालते, असा बदल २०२० मध्ये नियमांत झाला. रन-फ्लॅट टायर पंक्चर झाल्यावरही साधारणतः ताशी ८० कि.मी. वेगाने ८० कि.मी. पर्यंत नेतो. लहान गावात १८ इंची टायर त्याच दिवशी मिळण्याची शक्यता कमी, म्हणून ही मर्यादा प्रवास आखतानाच विचारात घ्यावी. आरामासाठी साधे टायर लावल्यास हवा भरण्याचा छोटा पंप व पंक्चरचे साहित्य डिकीत ठेवावेच. रन-फ्लॅट आणि साधे टायर यांची सरमिसळ करू नये.

पैशाचा हिशेब

आता आपल्या नित्याच्या विषयाकडे वळू. समजा, एका टायरची किंमत २०,००० रुपये आहे. मागची जोडी २४,००० कि.मी. आणि पुढची ३६,००० कि.मी. टिकते. मागच्या जोडीचा खर्च दर किलोमीटरला १ रुपया ६७ पैसे आणि पुढच्या जोडीचा १ रुपया ११ पैसे, म्हणजे एकूण २ रुपये ७८ पैसे. महिन्याला १,००० कि.मी. धावणाऱ्या मोटारीने दरमहा सुमारे २,८०० रुपयांचे रबर रस्त्यावर ठेवलेले असते. कर्जाच्या पहिल्या हप्त्याबरोबरच या रकमेचे आवर्ती ठेव खाते उघडल्यास दोन वर्षांत व्याज सोडून ६७,२०० रुपये जमतात. मागची जोडी घेऊन २७,२०० रुपये उरतात आणि तिसऱ्या वर्षाअखेर पुढच्या जोडीचीही सोय झालेली असते. 'तूर्त दोनच स्वस्तातले' म्हणण्याची वेळ येत नाही. टायरवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. जुने दरपत्रक हाती असल्यास नवे मागून घ्यावे.

विम्याबाबतही स्पष्टता हवी. सर्वसमावेशक विम्यात केवळ टायरचे नुकसान झाल्यास भरपाई मिळत नाही. अपघातात मोटारीचेही नुकसान झाले असेल, तरच टायरची भरपाई आणि तीही बदली खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत मिळते. टायरसाठी स्वतंत्र जोड-कवच मिळते. ठेंगण्या टायरांच्या मोटारीला ते उपयुक्त ठरते, मात्र त्यातील अटी व वगळलेल्या बाबी वाचूनच घ्यावे.

वापरलेली मोटार घेणाऱ्यांनी मूल्यांकन अहवालातील टायरविषयक नोंद अवश्य वाचावी. चारही टायर एकाच नमुन्याचे आहेत का, उत्पादनाचा आठवडा कोणता, मागच्या टायरांची आतली कड कशी आहे, हे स्वतः तपासावे. संच बदलावा लागणार असेल, तर तेवढी रक्कम सौदा करतानाच किमतीतून वजा करून घ्यावी. ताबा घेतल्यानंतर ती आपल्याच खिशातून जाते. मोटारीची निगा एका संचाच्या खर्चासाठी टाळणाऱ्या मालकाने इंजिनची निगाही तशीच टाळली असण्याचा संभव असतो.

तात्पर्य एवढेच की, महिन्यातून एकदा थंड टायरमध्ये हवा पाहावी, मे महिन्यात खाचांची खोली मोजावी, सहा महिन्यांनी आतली कड पाहावी, टायर जोडीने व एकाच नमुन्याचे घ्यावेत आणि त्यासाठी पैसा आधीच बाजूला ठेवावा. मागच्या चाकांची मोटार चालविणे हा आनंद आहे. पावसाळी रात्री घाटातल्या वळणावर कुटुंबासह असताना तो आनंद टिकविण्याची जबाबदारी त्या चार तळहातांवर असते. मोटारीचा हप्ता चुकला तर पुढच्या महिन्यात दंडासह भरता येतो. टायरचा हप्ता चुकला, तर तो भरण्याची दुसरी संधी मिळेलच याची शाश्वती नाही.